बीपीचा त्रास: मोजणं, मीठ आणि गोळ्या यांबद्दल सातारा भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा. नीट मोजणी, ठरलेल्या पायऱ्यांनी औषध आणि तारखेला न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, हा त्या कामाचा गाभा. म्हणजे आपल्याकडे मशीन आहे, गोळ्या आहेत, मोजणारी माणसं आहेत. घोडं अडतं ते दोनच ठिकाणी: बीपी चुकीच्या पद्धतीने मोजला जातो, आणि बरं वाटलं की गोळी बंद होते. खालचे बरेचसे प्रश्न त्याभोवतीच फिरतात.

बीपी किती झाला म्हणजे 'वाढला' म्हणायचं?

दोन वेगवेगळ्या दिवशी, शांत बसवून मोजल्यावर वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर तो उच्च रक्तदाब. दोन्हीपैकी एक वाढला तरी पुरे. घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी काढत असाल तर सीमा थोडी खाली धरायची, १३५/८५. पहिल्याच वेळी १८०/११० च्या वर असेल तर दुसऱ्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

१२०/८० च्या आतला बीपी उत्तम. मधल्या पट्ट्यात, म्हणजे वरचा १२० ते १३९ असेल, तर लगेच गोळी लागतेच असं नाही. पण मीठ, वजन आणि तंबाखू यांच्याकडे आताच बघायचं आणि वर्षातून एकदा तरी मोजून घ्यायचा. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० ला उच्च रक्तदाब म्हणतात, म्हणून मोबाईलवर वेगळे आकडे दिसतात. आपल्या सरकारी दवाखान्यांत निदानासाठी १४०/९० च धरतात.

आईचा बीपी १६५/७५ आहे. खालचा तर बरोबर आहे ना?

साठीनंतर हे फार दिसतं. वयाबरोबर मोठ्या रोहिण्या ताठर होतात, त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. खालचा बरोबर आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण या वयात अर्धांगवायू आणि हृदयविकाराचा धोका वरच्या आकड्याबरोबरच वाढतो. 'वय अधिक शंभर' हे सूत्र अजून पारावर ऐकू येतं. सत्तर वर्षांच्या माणसाला १७० चालतो, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो साफ चुकीचा आहे.

मला काहीच त्रास नाही. डोकंही दुखत नाही. मग गोळी कशाला?

बहुतेकांना काहीच होत नाही. १७०/१०० घेऊन माणूस दिवसभर उसाला पाणी पाजतो, रात्री शांत झोपतो. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढला आणि नाही दुखलं म्हणजे बरोबर, हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो.

नुकसान मात्र आत चालू असतं. जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि पुढे हृदय थकतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या खराब होऊन लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मेंदूतली बारीक रक्तवाहिनी फुटली किंवा तुंबली की लकवा. यातलं बरंचसं परत फिरवता येत नाही, म्हणून त्रास सुरू व्हायच्या आधीच गोळी घ्यायची असते.

घरी बीपी नेमका कसा मोजायचा?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, विडी, तंबाखू, मशेरी काही नको. जिना चढून, गोठ्यातून धारा काढून लगेच बसू नका. लघवीला जाऊन या. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसा, दोन्ही तळवे जमिनीवर, पायावर पाय नाही. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत बसलात किंवा जमिनीवर मांडी घातलीत तर आकडा बदलतो. मग पाच मिनिटं गप्प बसायचं, टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून.

दंड उघडा हवा. शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवली तर तिचाच करकोचा पडतो. पोलक्याची बाही घट्ट असेल तर सैल कपडा घाला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर आली पाहिजे आणि नळी हाताच्या आतल्या बाजूने मधल्या बोटाच्या रेषेत. बांधल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. तीन-चार गेली तर तो सैल आहे. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी किंवा घडी केलेली चादर घ्या. हात खाली लोंबत असला तर आकडा वाढून येतो.

बटण दाबलं की बोलायचं नाही. बाजूला बसलेल्यानेही 'किती आला, किती आला' करायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. बरा वाटणारा एकच लिहून ठेवू नका.

निदानासाठी किंवा गोळी बदलल्यावर असं सात दिवस करायचं: सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण त्या दिवशी धास्तीने आकडे चढलेले असतात. उरतात सहा दिवसांचे २४ आकडे. वरच्या आकड्यांची बेरीज करून २४ ने भागा, खालच्यांचीही तशीच. बेरीज ३,३३६ आली तर सरासरी १३९. मधे एखादा १५८ दिसला म्हणून घाबरायचं नाही आणि एखादा १२४ दिसला म्हणून खूश व्हायचं नाही. डॉक्टरांना ही वही दाखवा.

चुकांची किंमत किती, तेही बघा. पायावर पाय टाकला तर २ ते ८ अंक वाढतात. मोजताना बोललं किंवा लघवी तुंबलेली असली तर साधारण १० ने वाढू शकतो. पट्टा दंडाला लहान पडला तर २ ते १०. यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम जमल्या की १३२ चा १५० होतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते.

पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजून घ्या. ज्या हाताचा जास्त येईल, पुढे कायम तोच हात धरा. दोन्हींत सतत १० पेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरांना सांगा.

मशीन कोणतं घ्यायचं?

दंडाचं, आपोआप फुगणारं. मनगटाचं शक्यतो नको, हात जरा खाली-वर झाला की त्याचा आकडा हलतो. किमतीपेक्षा पट्ट्याचं माप बघा. मोजपट्टीने दंडाच्या मध्याचा घेर घ्या. साधारणपणे सोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर ३२ ते ४२ चा मोठा पट्टा मागून घ्या. दुकानदार 'चालतंय की' म्हणाला तरी ऐकू नका.

वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा. सेल कमजोर झाले तरी गडबड होते. नाडी अनियमित असणाऱ्यांमध्ये ही मशीनं चुकू शकतात. त्यांनी तीनदा मोजून सरासरी घ्यावी, आणि मशीन वारंवार नाडी अनियमित दाखवत असेल तर ईसीजी काढून घ्यावा.

दवाखान्यात १६०, घरी १२८. खरा कोणता?

पांढऱ्या कोटाच्या भीतीने बीपी चढणारे लोक खूप आहेत. वरच्या पद्धतीने सात दिवस मोजून घरची सरासरी १३५/८५ च्या आत असेल, तर सहसा लगेच गोळी लागत नाही. पण दर वर्षी तपासणी सोडू नका, यातल्या काहींना पुढे खरा बीपी होतो. उलटही घडतं. दवाखान्यात बरोबर आणि घरी, कामावर जास्त. रात्रपाळी करणारे, तंबाखू खाणारे, जोरात घोरणारे यांच्यात हे दिसतं आणि ते जास्त धोक्याचं, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. शंका असेल तर २४ तास दंडाला लावून ठेवायचं मशीन मोठ्या रुग्णालयांत मिळतं.

मीठ किती चालतं? आम्ही तर फार खात नाही.

जवळजवळ प्रत्येक घर हेच सांगतं, म्हणून मोजून बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात आमटी-भाजीपासून लोणच्यापर्यंत दिवसभराचं सगळं आलं.

मिठाची एक किलोची पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहून ठेवा. चार मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलो पुडी ५० दिवस जायला हवी. ती २५ दिवसांत संपली तर घरातला प्रत्येक जण मर्यादेच्या दुप्पट मीठ खातोय, आणि त्यात बाहेरची मिसळ, वडापाव, भडंग अजून धरलेलंच नाही. लोणच्याला काढलेलं मीठ वेगळं करू नका, तेही शेवटी पोटातच जातं.

आता कुठे हात आखडायचा ते सांगतो. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला मीठ लागत नाही. भातातलं मीठ आजपासून बंद करता येतं, वरून आमटी येतेच. कोशिंबीर, ताक, काकडी, कलिंगड यांवर भुरभुरवलेलं मीठ निव्वळ सवयीचं असतं. रश्श्यातलं मीठ एका दिवसात निम्म्यावर आणू नका, घरचे बंड करतील. दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा. काही आठवड्यांत जीभ सरावते. एकट्या रुग्णाचं अळणी वेगळं शिजवायची पद्धत टिकत नाही, सगळ्या घराचंच कमी करा. खर्डा कुटताना लसूण आणि लिंबू वाढवून मीठ निम्मं घाला. शेंगदाण्याच्या चटणीतही तेच करा.

लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट-बोंबील यांत मीठ भरपूर. पापडात पापडखार असतो, तोही सोडियमच. भज्यांतला खायचा सोडा, पोटाला आराम म्हणून घेतलेली फसफसणारी पूड, बेकरीतली खारी-टोस्ट हे खारट लागोत न लागोत, सोडियम देतात. सातारा-सांगली पट्ट्यातली भडंग आवडीची आहे हे मान्य, पण रोज संध्याकाळी वाटीभर ही सवय बीपीच्या माणसाने मोडावी. विकतच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम किती ते वाचा: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

सैंधव किंवा 'कमी सोडियम'वालं मीठ चालेल का?

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालतं असं नाही.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. त्याने बीपी खरोखर उतरतो. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागते का?

बहुतेकांना हो. गोळीने बीपी ताब्यात राहतो, मुळासकट जात नाही. १२६/८० आला म्हणजे 'बरा झालो' असं नसतं. गोळी काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती बंद केली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत आकडा परत चढतो. गोळीचं व्यसन लागतं हा समज चुकीचा आहे.

कमी होऊ शकते का? होऊ शकते. दहा किलो वजन उतरलं, दारू सुटली, मीठ खरंच आवरलं, तर डॉक्टर डोस उतरवून बघतात. साधारण एक किलो वजनामागे एक अंक, असा ढोबळ हिशेब धरा. पण हे उतरवणं मोजत-मोजत, टप्प्याने व्हायला हवं. आपल्या मनाने बंद केलेली गोळी आणि त्यानंतर काही महिन्यांनी आलेला लकवा, ही जोडी आपल्या भागात अजूनही फार दिसते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे म्हणूनच जास्त जिव्हारी लागते.

दोन-दोन गोळ्या दिल्यात. माझा बीपी फार वाईट आहे का?

तसं नाही. बीपी वाढण्यामागे एकापेक्षा जास्त कारणं असतात आणि निम्म्याहून अधिक रुग्णांना दोन प्रकारची औषधं लागतात. एकाच गोळीचा डोस चढवत नेण्यापेक्षा दोन गोळ्या कमी डोसमध्ये दिल्या तर गुण जास्त आणि त्रास कमी.

कोणत्या गोळीने काय त्रास होऊ शकतो?

अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम ही बहुधा पहिली गोळी असते. काहींच्या घोट्यांना संध्याकाळपर्यंत सूज येते, सॉक्सचा वण उठतो. मूत्रपिंड गेलं म्हणून घाबरू नका, पण दाखवून घ्या. डोस कमी करून किंवा सोबत टेल्मिसार्टन देऊन ही सूज बऱ्याचदा उतरते. क्वचित हिरड्या फुगतात.

एनालाप्रिल, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. खोकल्याची औषधं बदलत महिने जातात, आणि मूळ कारण ही गोळीच असते. बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन दिलं की खोकला थांबतो. या गोळ्यांनंतर ओठ, जीभ सुजली तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. या चारही औषधांपैकी कोणतंही सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात.

क्लोर्थॅलिडोन १२.५ किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी गोळी. सकाळीच घ्या, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घटू शकतं, युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा सुजू शकतो. म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं वागायला लागलं तर सोडियम तपासायला सांगा.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलने नाडी मंदावते. दमा असेल तर आधी सांगा. या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, छातीत दुखणं उलटू शकतं.

एक गोष्ट घरी आज तपासा. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, औषधाचं खरं नाव खाली बारीक असतं. नावापुढे 'एएम' असेल तर बहुधा आत अ‍ॅम्लोडिपिन आहे, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड. खासगी डॉक्टरांची 'एएम'वाली गोळी आणि आरोग्य केंद्रातली अ‍ॅम्लोडिपिन एकदम चालू असेल तर डोस दुप्पट होतो. दोन्हीकडचं औषध घेत असाल तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री? आणि विसरली तर?

ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाइम नावाच्या चाचणीत सकाळ आणि रात्र यांत हृदयविकार-लकव्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. तुम्हाला जी वेळ पाळता येते ती धरा. देवपूजा, दात घासणं, सकाळचा चहा अशा रोज न चुकणाऱ्या कामाला जोडली की विसर पडत नाही. तपासणीच्या दिवशी 'खरा बीपी कळावा' म्हणून गोळी चुकवून येऊ नका. गोळीवर बीपी किती राहतो, तेच बघायचं असतं.

विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

गुडघेदुखीची गोळी सोबत चालते का?

ऊस तोडणी, भांगलण, धारा काढणं यांनी गुडघे-कंबर धरते आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं जातं. ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा असर कमी करतात. लघवीची गोळी, टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि हे वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला जोराचा फटका बसू शकतो, उन्हाळ्यात तर जास्तच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, वरून मलम लावा. 'सगळ्या अंगदुखीवर' म्हणून मिळणाऱ्या, आत काय आहे ते न लिहिलेल्या पुड्या घेऊच नका, त्यांत स्टेरॉइड निघतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध यांनीही बीपी वाढतो.

मशेरी लावते, पण तंबाखू खात नाही. तेवढं चालतं ना?

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीवर दहा-पंधरा मिनिटं राहिली की त्यातलं निकोटिन रक्तात जातं, नाडी आणि बीपी चढतो. घरातल्या कितीतरी बायका दिवसातून तीन-चार वेळा लावतात आणि डॉक्टरांनी 'तंबाखू?' विचारलं की नाही म्हणतात, कारण घरात तिला कोणी व्यसन मानत नाही. मोकळेपणाने सांगा. सोडताना पहिला आठवडा चिडचिड, डोकेदुखी होते. त्या वेळी लवंग, बडीशेप तोंडात ठेवा. तोंडाचा कर्करोग टळेल हा फायदा वेगळाच.

शेतात राबतो. वेगळं चालायला हवं का?

कुदळ, खुरपं, भारे वाहणं असं काम रोज दोन-चार तास होत असेल तर तो व्यायामच आहे. पण मोटर चालू करून बांधावर बसणं, ट्रॅक्टर हाकणं हे त्यात येत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, एवढं हवं. चालताना बोलता यावं पण थोडा दम लागावा. अजिंक्यताऱ्याचा चढ उत्तमच, मात्र बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी तो खाली आणा, तोवर सपाटीवर चाला. पोतं उचलताना श्वास रोखून धरू नका, त्या क्षणी बीपी एकदम उसळतो.

लसूण, शेवग्याचा पाला, बीटचा रस घेतला तर गोळी बंद करता येईल?

नाही. जेवणात जरूर घ्या, चांगलंच आहे. भाज्या, फळं, कडधान्यांनी बीपीला मदत होते. पण त्यांचा असर थोडा आणि दिवसागणिक बदलणारा असतो. १६५ चा बीपी लसणाच्या दोन पाकळ्यांनी १३० वर राहत नाही.

बीपी अचानक २००/११५ दाखवतोय. काय करू?

पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. मग लक्षणं बघा.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, छातीत दाटून येणं, धाप लागणं, एकाएकी दिसेनासं होणं, झटका, बेशुद्धी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी: यातलं एकही असेल तर १०८ ला फोन करा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून नेमकी वेळ लक्षात ठेवा आणि सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. पाटण, जावळीच्या वरच्या गावांतून निघायलाच वेळ जातो, तिथे तर घरगुती उपायात दहा मिनिटंही घालवू नका.

लक्षण काहीच नसेल तर हे तातडीचं संकट सहसा नसतं. कालची गोळी चुकली होती का ते आठवा, चुकली असेल तर आजची घ्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची जुनी रीत धोक्याची आहे. बीपी एकदम कोसळला की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

कोणत्या तपासण्या आणि किती दिवसांनी?

सुरुवातीला आणि नंतर वर्षातून एकदा: क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रथिन, ईसीजी. मधुमेह असेल तर डोळ्याचा पडदाही. बीपी आटोक्यात येईपर्यंत महिन्याला मोजणी, नंतर डॉक्टर सांगतील तशी. उद्दिष्ट १४०/९० च्या आत, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर झेपेल तसं १३०/८० च्या आत. तिशीच्या आतच बीपी निघाला किंवा लघवीच्या गोळीसह तीन औषधांवरही उतरत नसेल, तर मूत्रपिंड, ग्रंथी आणि झोपेतलं घोरणं यांची तपासणी मागा.

गरोदरपणात बीपी वाढला तर?

१४०/९० ला पोचला की त्याच दिवशी दाखवायचं. पाच महिन्यांनंतर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, तोंडावर सूज यांपैकी काही असेल तर रात्र काढू नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल बाळाला घातक आहेत. आधीपासून गोळी चालू असलेल्या सुनेला, लेकीला दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून ती बदलून घ्यायला सांगा. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात वापरली जाणारी औषधं आहेत. बाळंतपणानंतरही पहिले काही आठवडे बीपी मोजत राहा.

गोळी घेतल्यापासून बाबांना उठताना चक्कर येते.

बसून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर डॉक्टरांना आकड्यांसकट सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. तोवर रात्री उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसून मग पाय टेकायचे. पडून खुब्याचं हाड मोडलं तर या वयात ते फार महागात पडतं.

वारी, कडक ऊन, पूर अशा वेळी गोळ्यांचं काय करायचं?

माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत जाते. वारीला निघताना जितके दिवस, त्याहून आठवडाभर जास्त गोळ्या घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा, अर्ध्या पिशवीत, अर्ध्या सोबतच्या माणसाकडे. एकादशीला गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. उपवासाचे वेफर्स आणि शेंगदाणे खारे असतात, त्याऐवजी केळी, रताळी, दूध घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी-रताळ्यांबद्दल आधी विचारून घ्या.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हात घाम जाऊन, किंवा जुलाब-उलट्या लागून अंगातलं पाणी कमी झालं तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-एनालाप्रिलसारखी गोळी तात्पुरती थांबवावी लागू शकते. डॉक्टरांना फोन करून थांबवा आणि खाणं-पिणं सुरळीत झालं की कधी सुरू करायची तेही त्याच फोनवर विचारा. नाहीतर दोन दिवसांसाठी थांबवलेली गोळी तशीच राहून जाते.

कृष्णाकाठच्या कराड-सांगली पट्ट्याने २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय. जुलै-ऑगस्टमध्ये १५ दिवसांच्या गोळ्या, बीपीचं कार्ड आणि औषधांच्या नावांची चिठ्ठी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, कागदपत्रांजवळ ठेवा. पट्ट्यांच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये काढून गावाबाहेरच्या एका नातेवाइकालाही पाठवा. निवारा केंद्रात पोचल्यावर आरोग्य पथकाला तो दाखवला की त्याच औषधाची गोळी त्याच डोसमध्ये मागता येते.